दरीत थांबलेला नववा भाग

प्रिय दादा,

आज दसरा. आपल्या घरात यंदा सण नाही, म्हणून दाराला तोरण नाही आणि आईने पुरणही घातलेलं नाही. शेजारच्या काकूंनी सवयीने आपट्याची पानं आणून दिली. ती कुणी कुणाला द्यायची हे न कळल्यामुळे माठाशेजारी पडून आहेत. संध्याकाळी गल्लीतली माणसं सीमोल्लंघनाला गेली. अण्णा खाली आपल्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलापाशी बसून राहिले. मशीन बंद, दिवा चालू. तेव्हा ठरवलं, तुला लिहावं.

मला पत्र लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी नकाशे काढते आणि त्यांच्याखाली टिपा लिहिते. ही टीपच समज.

"चला मंडळी, सीमोल्लंघन करू." आपल्या चॅनेलवरच्या रोमच्या गोष्टीचा तुझा प्रत्येक भाग या वाक्याने सुरू होतो. पहिल्याच दिवशी मी हरकत घेतली होती. रोमन लोकांचा आणि दसऱ्याचा काय संबंध?

"हाय की," तू म्हणालास. "आपले लोक पावसाळा सरला की मोहिमेवर निघायचे. त्येंच्याकडं थंडी सरली की निघायचे. सुरवातीला शेतकरीच होते गं ते. पेरायचं, कापायचं आन् मधल्या वेळात शेजाऱ्याला बडवून यायचं."

मी ते तपासलं. बरोबर निघालं. तुझ्या गोष्टी बहुतेक बरोबरच निघायच्या, याचा मला थोडा राग यायचा. इंजिनिअरिंगला मी गेले. शाळेचे गणवेश कापता कापता रोम वाचलं तू. आणि वाचलेलं सांगायचास मात्र असं, की जणू ते रोम अक्कलकोटच्या रस्त्यावर आहे आणि तू काल तिथून एसटीने आलास.

मागच्या खोलीतली व्यवस्था आठवते? चारी भिंतींना सोलापुरी चादरी टांगलेल्या, दाराला टर्किश टॉवेल. आवाज घुमू नये म्हणून पुण्यामुंबईचे लोक महागाचे फोम लावतात म्हणे. आपल्या चादरींनी तेच काम केलं, तेही मोरांच्या नक्षीसकट. मी एकदा घुमारा मोजून पाहिला होता. तू हसून म्हणालास, "मोजपट्टी, कधीतरी नुसतं ऐक की."

तेव्हापासून मी तुझी मोजपट्टी. कारखान्यातल्या बायकासुद्धा मला तेच म्हणायला लागल्या. ते थांबवायचं मी कधी मनावर घेतलं नाही.

लढाई आधी कटिंगच्या टेबलावर व्हायची. गणवेशांची उरलेली कातरणं तू इटलीच्या आकारात मांडायचास. खाकी म्हणजे रोम. पांढरं शर्टिंग म्हणजे शेजारचे लॅटिन लोक. डोंगरातले सॅम्नाइट लोक म्हणजे मरून रंग, कारण त्या वर्षी बार्शीच्या एका शाळेचे मरून स्कर्ट आपल्याकडे होते. मग तू खाकी तुकडे एकेक करून पुढे सरकवायचास. पहिल्या भागात खाकी तळहाताएवढं होतं. नदीपलीकडचं शेजारचं शहर त्यांनी वर्षानुवर्षं वेढून घेतलं, तेव्हा ते दोन तळहातांएवढं झालं.

"बघ," तू म्हणायचास, "एका दमात काय न्हाय. आधी शेजारी. मग शेजाऱ्याचा शेजारी. आन् दर वेळी म्हणणार, आमी कुटं गेलो, त्येंनीच आधी खोडी काढली."

आपलं खरं भांडण झालं ते रंगांवरून. एखादं गाव रोमने हरवलं की तू म्हणायचास, "रंगव खाकी." मी म्हणायची, नाही. हरवलं म्हणजे घेतलं नाही. पुष्कळ ठिकाणी रोम तह करायचं. गाव त्यांचं, देव त्यांचे, कायदा त्यांचा. फक्त रोमने लढाई काढली की त्यांनी आपली पोरं पाठवायची. ते खाकी कसं?

"मग काय पांढरं ठेवतीस?"

"पांढरंही नाही."

तू वैतागून कातरणांच्या ढिगात हात घातलास आणि बालवाडीच्या फ्रॉकचं चौकडीचं कापड माझ्यापुढे टाकलंस. "घे. ह्ये तुझं. ना धड आपलं, ना परकं."

आपल्या नकाशावर चौकडी अशी आली. लोक अजून विचारतात की ही कल्पना कुणाची. मी उत्तर दिलेलं नाही. तू दिलं असतंस का?

आता नववा भाग.

त्याची मूळ ध्वनिफीत माझ्याकडे आहे. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की तू कुठे श्वास घेतोस ते मला पाठ आहे. रोमन फौज निघाली आहे. मेंढपाळांच्या वेशातली माणसं त्यांना खोटी बातमी देतात की पलीकडच्या मित्र-गावाला वेढा पडलाय. जायचे रस्ते दोन. एक समुद्राकडून, लांबचा, मोकळा. दुसरा जवळचा, कॉडियमच्या डोंगरातून. दोन अरुंद खिंडी, मध्ये एक गवताळ दरी.

"घाईला जवळचा रस्ता लई गोड लागतो," तू म्हणतोस. "शिरले. आत छान गवत, पानी. पुढच्या खिंडीपाशी गेले तर झाडं तोडून आडवी टाकलेली, वर धोंडे. बरं, म्हणले, माघारी फिरू. माघारी आले तर मागची खिंड पन बंद. वर बघितलं तर डोंगरावर मानसंच मानसं. आता लढायचं म्हणलं तर कुनाशी? पळायचं म्हणलं तर कुटं? एवढी मोठी फौज, हातात तलवारी, आन् कुनालाच काय करता येईना. नुसते एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले."

इथे तू खोकतोस. मग म्हणतोस, "थांब गं, घसा बसलाय. अंग बी कणकण करतंय. उद्या सांगतो."

मी फीत बंद केली. उद्या आणखी काय करायचं होतं आपल्याला? त्या दिवशी मला तुझं उरलेलं सांगणं वीस मिनिटांत मिळालं असतं. मी मागितलं नाही, कारण घाई नव्हती.

ताप आला, आणि उतरला. उतरला म्हणून आपल्याला बरं वाटलं. तू भाकरी मागितलीस. कारखान्यात जाऊन दोन थान कापड कापूनही आलास. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दिवसच सांभाळायचे असतात, हे मला दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं. तिथे रोज कागद यायचे, त्यांवर तुझ्या पेशींचे आकडे असायचे, आणि आकडे मला वाचता येतात. वाचता येऊन काय झालं? डॉक्टर चांगले होते. करायचं ते सगळं करत होते. मी काचेच्या अलीकडे उभी होते. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये जगातली सगळी माहिती, आणि मला काहीच करता येत नव्हतं.

दादा, मला तुझ्यावर एक राग आहे. तो एकदाच लिहिते. थकवा आलाय हे तू सांगितलं नाहीस. आई दारातून विचारायची आणि तू "बरा हाय" म्हणायचास. तुला लोकांना घाबरवायचं नसायचं. आम्हाला थोडं घाबरू द्यायला हवं होतंस.

तू गेल्यावर चॅनेलवर लोक विचारत राहिले. नववा भाग कुठे अडला? सर कधी सांगणार? तुला सर म्हणणारे ते लोक. तुला किती हसू आलं असतं. मी एक ओळ लिहून तुझी बातमी कळवली. मग आणखी लोक आले.

तुझा मित्र इरण्णा, मोबाइलच्या दुकानातला, एका दुपारी आला. चहा घेता घेता म्हणाला, "ताई, आठ भाग हायेत की त्याच्या आवाजात. आता मशीन शिकतंय आवाज. तुमी लिहून द्या, त्यो बोलतोय. भाग पुरा व्हतोय बघा."

रविवारी करून पाहिलं. तांत्रिक काम होतं, म्हणून हातात घेतलं. तसं नसतं तर घेतलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. आठ भागांचा आवाज मशीनला दिला आणि एक वाक्य लिहिलं: मग सॅम्नाइट सेनापतीनं आपल्या म्हाताऱ्या बापाला बोलावणं धाडलं.

ते बोललं. 'म्हाताऱ्या' वर तू जसा जरा रेंगाळतोस, तसं रेंगाळलं.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आई दारात आली. दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ होतं. ती खोलीत बघत होती, माझ्याकडे नाही, तुझ्या खुर्चीकडे.

"आला का?" ती म्हणाली.

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, आई, मशीन आहे.

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "परत लाव."

मी परत लावलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मागितलं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "लिवलं ते सगळं बोलतंय का ते?"

"हो."

"मग जेवलो म्हनून सांगायला लाव की त्याला."

अण्णा तिथेच होते. ते उठले. "माझ्या कानावर ते येऊ देऊ नगं," मला म्हणाले. मग आईला म्हणाले, "गेलेल्या पोराच्या तोंडात घास घालून बोलवू नगं बाई." आणि खाली गेले. तेव्हापासून ते दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. आई म्हणते, ह्यांना काय, ह्यांचं दुख पोटात हाय. अण्णा म्हणतात, तुझी आई खुळी व्हईल. दोघंही हे मला सांगतात, वेगवेगळं. मी दोघांपुढे मान हलवते.

मी ते वाक्य लिहायला बसले होते. दोनच शब्द: आई, जेवलो. बोट बटणावर ठेवलं. दाबलं तर ती रोज मागणार. नाही दाबलं तर ती अजून जी एकच गोष्ट मागते आहे, ती मीच बंद करणार. समोरची खिंड बंद, मागची बंद. तू असतास तर म्हणाला असतास, बघ, आता कळली तुला गोष्ट.

मी बोट काढलं. त्याचं मोठं कारण नव्हतं. मला एक तपशील आठवला होता.

आई अक्कलकोटकडची. तुला जेवायला बोलवायची ते नेहमी कानडीत. आपण रेकॉर्डिंगला बसलो की ती टॉवेलच्या पडद्याबाहेरून हमखास विचारायची, "ऊटा आतेन?" झालं का जेवण? आणि तू, बोलणं न थांबवता, मधेच "आतु, आई," म्हणजे झालं, असं सांगून लढाईकडे परत यायचास. मला ते कापावं लागायचं. प्रत्येक भागात. चिडून कापायची मी. पण कापलेलं फेकून देत नाही, ही माझी सवय. ते सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये आहेत, त्याला नाव दिलंय 'कातरण'.

काल दुपारी आईला खोलीत बोलावलं. खुर्चीत बसवलं, तुझ्या नाही, माझ्या. म्हटलं, हे मशीन नाही. हा तोच आहे.

पहिला तुकडा लावला. तुझा आवाज: "तर त्या शहराच्या भिंतीखालून त्येंनी भुयार..." लांबून आईचा आवाज, "ऊटा आतेन?" आणि तू, "आतु, आई. ...भुयार खणायला घेतलं."

आई स्क्रीनकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. मी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला होता.

"खोटं," आई म्हणाली. "खोटं बोलतोय. जेवला नव्हता त्यो. ताट झाकून ठेवलं हुतं मी, पार संध्याकाळपतोर."

आणि ती हसली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा, तोंडाला पदर लावून.

मी पुढचा तुकडा लावला. मग पुढचा. प्रत्येक तुकड्यानंतर ती निकाल द्यायची. "ह्ये खरं. त्या दिवशी थालपीठ हुतं, हुबं राहूनच खाल्लं त्यानं." "ह्ये खोटं." "ह्ये तर साफ खोटं, आवाजच सांगतोय." मशीनने म्हटलेलं 'जेवलो' खरं की खोटं, हे तिने कशावरून ठरवलं असतं?

नवव्या भागातला तुकडा लावायचा का, याचा मी विचार केला. लावला. "ऊटा आतेन?" आणि तू, घसा बसलेल्या आवाजात, "आतु, आई."

त्यावर तिने निकाल दिला नाही. तिने विचारलं, "मग त्या दरीतल्यांचं काय झालं?"

तेव्हा लक्षात आलं, तिला पुढचं ठाऊकच नाही. तू सांगितलंच नाहीस ना. टॉवेलच्या पलीकडे ती रोज ऐकत होती, आणि तिची गोष्टसुद्धा दरीतच अडकली होती.

म्हणून मीच सांगितली. तुझ्यासारखी नाही; माझ्यासारखी. सॅम्नाइट सेनापतीचा म्हातारा बाप गाडीत बसून आला. त्याला विचारलं, ह्यांचं काय करू? तो म्हणाला, सगळ्यांना मानाने घरी जाऊ दे, रोम कायमचं मित्र होईल. मुलाला पटलं नाही. परत विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, मग एकालाही सोडू नको, रोम पुढच्या पिढीपर्यंत उठणार नाही. मुलगा म्हणाला, मधलं काही नाही का? बाप म्हणाला, मधल्याने मित्रही मिळत नाही आणि शत्रूही संपत नाही.

"मग?"

"मग त्याने मधलंच केलं. दोन भाले उभे रोवले, वर एक आडवा बांधला, जुवासारखं. सगळ्या फौजेला अंगावरच्या एका कपड्यानिशी, वाकून, त्या जुवाखालून जायला लावलं. रोमन सेनापती आधी, मग शिपाई."

"बैलासारखं?"

"हो. रोमच्या इतिहासात याच्याएवढी शरम नाही, असं लिहितात. लोकांनी शहरात दुकानं बंद ठेवली. आलेले शिपाई घरात तोंड लपवून बसले. पुढे रोम परत आलंच, आणि डोंगर घेतलेच."

आई विचार करत होती. "पन जिवंत आले न्हवं घरी?"

"आले."

"सगळे?"

"ओलीस ठेवलेले सोडून. तेही नंतर आले असावेत." याची खात्री मला नाही, म्हणून मी 'असावेत' म्हटलं. ती मोजपट्टी तेवढी राहिली.

"मग कसली शरम?" आई म्हणाली. "वाकून आली न्हाय तर रांगत, पोरं घरी आली की. त्येंच्या आयांनी दुकानं बंद ठिवली नसतील, बघ. चूल पेटवली असंल."

दादा, हे कुठल्या पुस्तकात असेल का? मी शोधलं नाही. शोधणारही नाही.

त्याने काही सुटलं असं समजू नकोस. आज सकाळी आईने पुन्हा मशीनचा आवाज मागितला. मी तुकडे लावले. तिने ऐकले, पण दोन्हींतला फरक तिला आज तितका महत्त्वाचा वाटत नव्हता. अण्णा अजून खाली आहेत. मशीनने शिकलेला तुझा आवाज मी पुसलेला नाही आणि त्या एका वाक्यापुढे वापरलेलाही नाही. मधलंच केलं आहे मीही. म्हातारा काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

पण नववा भाग मी पूर्ण करीन. तुझा आवाज 'उद्या सांगतो' वर थांबेल आणि तिथे मी काही जोडणार नाही, संगीतही नाही. पुढचं माझ्या आवाजात असेल. कोरडं असेल, लोक चालवून घेतील किंवा नाही. आईची हाक कापणार नाही, तुझं 'आतु' सुद्धा नाही. शेवटचं वाक्य आईचं, चुलीचं. आणि नकाशावर सॅम्नाइटांचे डोंगर मी खाकी करणार नाही. तू कितीही म्हणालास तरी चौकडीच ठेवीन. पोरं ज्यांची दुसऱ्याच्या लढाईत जातात, त्यांचा रंग मला अजून सापडलेला नाही.

जेवलास का, हे मी विचारणार नाही. तू खोटंच बोलशील.

तुझी,
मोजपट्टी